खरवडलेलं डांबर कुणाचं?

(कोथरूड, पुणे येथील बैठकीत केलेले भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांची बैठक आणि विषय डांबराचा, म्हणून काही जण हसले. हसा. पण डिझेलच्या दर लिटरमागे रस्त्यांचा अधिभार तुम्ही भरता. त्या निधीचा कायदा 2000 सालचा आहे. ट्रॅक्टर बांधाबाहेर पडला नाही तरी अधिभार सुटत नाही. तेव्हा हिशेब विचारायचा हक्क आपला आहे.

इथं कोथरूडात कर्वे रस्ता, पौड रस्ता अशा रस्त्यांवर नुसते थरावर थर चढवत गेलं तर रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी दुकानात शिरतं. म्हणून आधी जुना थर यंत्रानं खरवडतात. जो काळा चुरा निघतो त्याला लोक राडारोडा समजतात. राडारोडा कसला? शंभर टनांत साधारण पाच टन डांबर आणि बाकी सगळी खडी! डांबर कच्च्या तेलातून निघतं आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. खडीचं मोल तर आपल्या बायांना विचारा. 1972 च्या दुष्काळात ती त्यांनीच फोडली आहे.

जुनी गादी उसवली की पिंजारी कापूस फेकतो का? पिंजतो, थोडा नवा घालतो, पुन्हा भरतो. इथंही तेच. उन्हावाऱ्यानं जुनं डांबर कडक झालेलं असतं, म्हणून जोडीला मऊ डांबर किंवा खास तेल घालावं लागतं. जुना माल थेट जाळावर धरला तर डांबर जळतं. नवी खडी जास्त तापवायची आणि तिच्या उष्णतेनं जुना माल सोडवायचा. इंडियन रोड्स काँग्रेसनं याची पद्धत 2015 साली छापली आहे. अमेरिकेत 1973 च्या तेलटंचाईनंतर हे जोरात सुरू झालं. आज तिथल्या डांबरी मिश्रणात सरासरी पाचवा हिस्सा जुन्या मालाचा असतो.

मात्र कुणी म्हणेल, सगळाच जुना माल घाला, फुकटात रस्ता होईल, तर ऐकू नका. चाळणी नाही, तपासणी नाही, असा माल घातलेला रस्ता तडकतो.

आता आपल्या पाणंदीचं. वेचलेला कापूस घरी आहे आणि गाडी चिखलात, हे दर वर्षीचं. हा चुरा मुरमावर पसरून रोलर फिरवला तर धूळ-चिखल बराच कमी होतो. पण काळ्या मातीवर थेट टाकलात तर पहिल्या पावसात गडप! आधी बाजूची चारी काढा, मग मुरूम दाबा, मग चुरा.

तालुक्याचा रस्ता खरवडायला घेतील तेव्हा अंदाजपत्रकाची नक्कल मागा. 2005 च्या माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की अर्ज होतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न दोनच लिहा : निघालेला माल किती टन, आणि त्याची किंमत कुणाच्या खात्यात धरली?