माशाच्या डोक्याला भोक पडतं तेव्हा

आजचा भाग जरा वेगळा आहे. कोड नाही, करिअर नाही, आज मासा आहे. मागे एकदा बोलता बोलता मी मामाच्या ऑस्करचा विषय काढला होता, तेव्हापासून बरेच जण विचारतायत की त्याचं पुढे झालं काय. तर ऐका.

मी शिरूरचा, नोकरी खराडीत. मामा दौंडला असतो, रेल्वेतून रिटायर झालेला. त्याच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे, साधारण २०० लिटर पाण्याची. त्यात एकच मासा, ऑस्कर, नाव वाघ्या. मामीने आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता वीतभर लांब आहे. मामी जाऊन दोन वर्षं झाली. पावसाळ्याच्या तोंडाशी एका रात्री मामाचा फोन आला, "अरे, वाघ्याच्या डोक्याला भोकं पडलीत. खात पण नाही."

शनिवारी न्हावरे, चौफुला करत दौंड गाठलं. बघतो तर डोळ्यांच्या वर आणि कपाळावर टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच खड्डे, एकातून पांढरा धागा लोंबतोय. विष्ठाही पांढरी, दोऱ्यासारखी. रंग काळवंडलेला. आता एक लक्षात ठेवा, ऑस्करच्या डोक्यावर बारीक छिद्रं जन्मतःच असतात, दोन्ही बाजूंना सारखी. ती त्याची ज्ञानेंद्रियं. खड्डे वेडेवाकडे असतील, वाढत असतील आणि कडा झिजलेल्या असतील, तरच घाबरायचं.

या आजाराला इंग्रजीत 'होल इन द हेड' म्हणतात. ऑस्कर, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न या मंडळींना तो जास्त होतो. आतड्यात राहणारे एकपेशीय परजीवी यात बऱ्याचदा सापडतात. पूर्वी सरसकट हेक्झामिटा म्हणायचे. १९९५ साली एंजल माशातल्या अशा एका जिवाचं स्पायरोन्यूक्लिअस व्हॉर्टेन्स असं बारसं झालं. पण गंमत अशी, की हे जीव धडधाकट माशांच्या पोटातही गुपचूप असतात. पाणी खराब झालं, खाणं निकस झालं, मासा थकला, की ते डोकं वर काढतात. म्हणून तज्ज्ञ एका कारणावर बोट ठेवत नाहीत. परजीवी, पाणी आणि आहार, तिन्हीकडे बघायला सांगतात.

मी काय केलं? इंजिनिअर ना! लक्षण दिसलं, पॅच मारला. ओळखीच्या पशुवैद्यकांना फोटो पाठवले, त्यांनी मेट्रोनिडाझोल सांगितलं. जुलाबाला आपल्याला देतात तेच. प्रमाण, ४० लिटरला २५० मिलिग्रॅम. म्हणजे आमच्या टाकीला ४०० च्या तीन गोळ्या, दिवसाआड, तीन वेळा. गोळ्या कुटल्या, कोमट पाण्यात कालवल्या, ओतल्या आणि हिरो होऊन पुण्याला परत.

आठवड्याने मामाचा फोन. "भोकं मोठी झाली रे."

चूक माझीच होती. फिल्टरमधली कार्बनची पिशवी मी काढलीच नव्हती. कार्बन पाण्यातलं औषध शोषून घेतो. मी ओतत होतो आणि फिल्टर पीत होता. आठ दिवस फुकट गेले, आणि त्या आठ दिवसांत मासा अजून खंगला. शेजारचे काका म्हणाले, "सोडून द्या की भीमेत, सुटेल बिचारा." असं अजिबात करू नका. आजारी मासा आजार घेऊन नदीत जातो, आणि बाहेरचा मासा तिथे रुजला तर काय होतं ते उजनीत चिलापीने दाखवलंय.

मामा काही बोलला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "तिने आणलेलं एवढंच हलतंय या घरात."

मग मात्र मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पाणी तपासलं. टाकीत नायट्रेट १०० च्या आसपास. ते २० च्या खाली असलेलं बरं. मामा म्हणाला, "मी तर दर रविवारी पाणी बदलतो!" खोटं नव्हतं. म्हणून बोअरचं पाणी तपासलं, तर तेच ४० च्या घरात. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा ४५ आहे, म्हणजे माणसाला जेमतेम पास, माशाला नापास. आजूबाजूला ऊस आणि ऊस म्हटलं की खत. ते झिरपणार कुठे?

आता गणित बघा. टाकीत १०० आहे, तुम्ही तीस टक्के पाणी काढून ४० वालं भरलंत, तर होतं ८२. पुन्हा केलंत, ६९. कितीही वेळा करा, ४० च्या खाली जाणारच नाही. मामा दर रविवारी घाम गाळत होता आणि पाणी जिथल्या तिथे. म्हणून बदलायच्या ६० लिटरमध्ये निम्मं आरओचं मिसळायला लागलो, म्हणजे दुकानातले दीड जार. नुसतं आरओ घालू नका, त्यात क्षार फार कमी असतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायचं औषध घालून घ्या.

दुसरं, खाणं. मामा लाडाने रोज चिकनची कलेजी द्यायचा, आणि गल्लीतली पोरं नदीतली बारकी जिवंत मासळी आणायची. कलेजीत चरबी फार, जिवंत मासळीतून परजीवी फुकट. दोन्ही बंद. जीवनसत्त्वं असलेल्या गोळ्या सुरू, अधूनमधून सोललेली कोळंबी.

तिसरं, औषध. कार्बन बाहेर, तापमान २८, हवेचा पंप चालू, प्रत्येक डोसाआधी पाणी बदल. मासा खायला लागला की औषध खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं, कारण दुखणं आतड्यात आहे. १०० ग्रॅम खाण्याला १ ग्रॅम, पाच दिवस. हे डॉक्टरांना विचारूनच करा. आणि शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी नीट ऐका, खाण्याच्या माशांना मेट्रोनिडाझोल द्यायला आपल्याकडे बंदी आहे. हे फक्त शोभेच्या माशांसाठी.

चौथं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही. त्यातले चांगले जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

दहाव्या दिवशी वाघ्याने एक कोळंबी ओढली. मामाने व्हिडिओ पाठवला, अर्धा व्हिडिओ त्याच्या अंगठ्याचा. खड्डे भरायला मात्र तीन महिने लागले. डाव्या डोळ्याजवळचा व्रण राहिलाय, तो राहणार.

मला काय कळलं सांगू? औषध चुकीचं नव्हतं. मी भोकाकडे बघत होतो, मासा ज्यात चोवीस तास जगतो त्या पाण्याकडे बघितलंच नाही. तुमच्या माशाला असं काही दिसलं, तर गोळी नंतर. आधी नायट्रेटचं किट घ्या आणि टाकीबरोबर भरायचं पाणीही तपासा.

परवा दौंडला गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मामी सिलिंडरची तारीख लिहायची, त्याच चौकटींत आता बुधवारी आणि रविवारी मामाच्या अक्षरात लिहिलेलं असतं, "वाघ्या, पाणी". आणि मी दर शनिवारी फोन करतो. माशाची चौकशी करायला, असं म्हणतो.

चला, भेटू पुढच्या भागात.