रक्ताची एकजूट



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीला सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार चळवळीत झाले. तरी आज रक्ताविषयी बोलणार आहे, त्याला कारण आहे.

कर्नाळ्याचा गड चढताना करवंदीचा काटा ओरखडतो. रक्त येते आणि थोड्या वेळात थांबते. ते थांबवतो कोण? आपल्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात दीड ते चार लाख बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, असतात. इटलीच्या बिझोझेरो यांनी १८८२ साली त्यांचे हे काम दाखवून दिले.

एरवी बिंबाणू बशीसारखा चपटा असतो, कोणाला न चिकटता वाहत असतो. रक्तवाहिनी फाटली की तिच्या अस्तराखालचे कोलॅजेनचे धागे उघडे पडतात. बिंबाणू त्यांना चिकटतो आणि त्याचे रूपच पालटते. तो गोल होतो, अंगातून काटे काढतो, पोटातली द्रव्ये सोडून इतरांना हाक घालतो. अंगावरचे मिटलेले आकडे उघडतात आणि फायब्रिनोजेनच्या दोरीने एक बिंबाणू दुसऱ्याशी जखडला जातो. काहींच्या कवचाचा आतला पदर बाहेर येतो. त्यावर रक्त गोठविणारी द्रव्ये जमतात, फायब्रिनची जाळी विणली जाते, भोक बुजते.

माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीचा घोळणा वारंवार फुटे. घरचे म्हणत, उष्णता आहे. एका दवाखान्यात प्लेटलेट मोजल्या. पुरेशा निघाल्या, म्हणून तिला परत पाठवले. पहिल्या पाळीत पोर पांढरीफटक पडली, तेव्हा पुढची तपासणी झाली. संख्या पुरी होती, आकडेच नव्हते! युनियनच्या माणसाला हे चटकन कळते: सभासदांची यादी लांबलचक, पण हातात हात नाही.

१९१८ साली हा रोग वर्णन करणाऱ्या ग्लान्झमान यांचेच नाव त्याला आहे. मुलीचे आईबाप आतेमामे भावंडे. दोघांतही दोष लपलेला असला, तर प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका असतो. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काने करतात. म्हणून हे बोलतो.

परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात अशा रक्तरोगांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. रक्त थांबत नसेल, तर 'संख्या ठीक आहे' एवढ्यावर घरी येऊ नका. बिंबाणू काम करतात का, हे विचारा.

ती मुलगी आज नोकरी करते. अ‍ॅस्पिरिनला हात लावीत नाही, दात काढण्याआधी डॉक्टरांना रोग सांगते. विचारायला आम्हांला उशीर झाला; तुम्हांला होऊ नये.