भावना कोणाच्या, कलम कोणावर?

(कल्याणला तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदीकामगार. कविता करतो म्हणून इथं उभा केलात. कायद्याची जाडी पुस्तकं आपल्या घरात नाहीत. पण या ठाणे जिल्ह्यात कोणाच्या भावना दुखल्या की पोलिसांच्या गाड्या धावतात, आणि कोणाच्या दुखल्या की हवालदार तंबाखू मळत बसतो, एवढं कळतं. त्यावरच बोलतो.

18 नोव्हेंबर 2012. बाळ ठाकरेंची अंत्ययात्रा, सगळं बंद. पालघर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथल्या 21 वर्षांच्या पोरीनं फेसबुकवर लिहिलं, हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. दुसरीनं नुसतं लाईक केलं. लाईक म्हणजे काय, एक अंगठा! दोघींना अटक. जमावानं पहिलीच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं. म्हणजे पोरीचं म्हणणं खरं, हे जमावानंच दाखवून दिलं!

कलम लावलं त्यात आयटी कायद्याचं 66अ होतं. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि शब्द कसले, तर ‘त्रासदायक’, ‘आक्षेपार्ह’. कोणाला त्रास? ज्याचं वजन जास्त, त्याला. 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टानं हे कलम रद्द केलं. घटनेच्या 19(2) मध्ये बोलण्यावर बंधनं घालायची कारणं मोजून दिलीत. सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, चिथावणी आहे. कोणाला झोंबलं, हे त्यात नाही. कलम मेलं, पण पोलीस ते लावतच राहिले. 2022 मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं.

त्याच 2022 चा मे महिना. केतकी चितळेनं शरद पवारांवरची दुसऱ्याची कविता फेसबुकवर टाकली. ठाणे पोलिसांनी उचललं, महिन्याहून जास्त आत ठेवलं. आपल्यातले काही म्हणाले, बरं झालं, हीच ती नवबौद्धांवर लिहिणारी.

थांबा जरा. नवबौद्धांवरच्या त्या पोस्टचा गुन्हा 2020 चा. रबाळे पोलिसांकडे, ॲट्रॉसिटीखाली. 2021 मध्ये ठाण्याच्या कोर्टानं अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यात अटक कधी झाली? पवारांच्या प्रकरणात ती आधीच आत होती, तेव्हा! साहेबांचा अपमान एका दिवसात पिकला, आमचा दोन वर्षं फाइलीत कुजला. याला बरं झालं म्हणायचं?

पुढाऱ्यावर कोणी वाकडी कविता केली तर तुरुंग नको. लिहिणारा आपला वैरी असला तरी नको. पण जातीवरून माणसाला खाली ढकलणं ही भावनांची भानगड नाही. ते 17 व्या कलमाचं, अस्पृश्यतेचं काम आहे. या दोन गोष्टी एका पोत्यात भरू नका. आमचा मुकादम रोज जात काढून शिव्या देतो. त्याच्यासाठी कुठली गाडी आली नाही.

आणि आपल्या शब्दाला काय भाव मिळतो? ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे 2011 मध्ये आत गेले, 2014 मध्ये निर्दोष सुटले. 40 महिने गेले ते गेले. 2018 मध्ये पुन्हा अटक. जामीन जानेवारी 2025 मध्ये. साडेसहा वर्षं, आणि खटला उभाच राहिला नव्हता.

आता कामाचं. ॲट्रॉसिटी कायद्याचं 4 थं कलम पाठ करा. दलित-आदिवासी नसलेल्या सरकारी नोकरानं जाणूनबुजून कर्तव्य टाळलं, फिर्याद नोंदवली नाही, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. चौकीत एकटं जाऊ नका, चौघं जा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय बाकावरून उठू नका.