डावात आजीही हवी

लग्न लागून वरात घरी आली की नवरा-नवरीला पाटावर समोरासमोर बसवून सुपारी खेळवायची रीत महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत आहे. नवरीने मुठीत सुपारी घट्ट धरायची, नवऱ्याने ती एका हाताने सोडवायची; मग पाळी उलटी. काही घरांत हळदीच्या पाण्यात अंगठी टाकतात आणि कोणाच्या हाती आधी लागते ते पाहतात. भोवती आत्या, मावश्या, करवल्या दोन तट करून ओरडत असतात. नव्या सुनेला सासरच्या माणसाला सगळ्यांदेखत हरवण्याची मुभा पहिल्याच दिवशी मिळते ती या खेळात.

पुढची मुभा मंगळागौरीची. लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी पूजा आणि रात्री जागरण. झिम्मा, फुगडी, पिंगा, आगोटा-पागोटा सुरू झाले की सासू, नणंद, जाऊ, शेजारच्या काकू एकाच फेरात येतात. या खेळांच्या गाण्यांत सासू-सुनेची, नणंद-भावजयीची भांडणे उघड उघड येतात. एरवी जे तोंडातून काढायची सोय नसते, ते टाळीच्या ठेक्यावर म्हणता येते आणि ऐकणारीलाही हसावेच लागते. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 साली थट्टेच्या नात्यांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. अनेक समाजांत काही नात्यांत अदब पाळावी लागते, तर काही नात्यांत थट्टेची मोकळीक असते. आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्यातही अशी बरोबरीची मोकळीक पुष्कळ ठिकाणी दिसते, असे त्यांनी मांडले. मंगळागौरीची रात्र अदबीच्या नात्यालाही ती मोकळीक तात्पुरती बहाल करते.

इथे मुख्य मुद्दा येतो. मोठ्यांनी मुलांना खेळवणे वेगळे आणि मोठ्यांनी मुलांबरोबर खेळणे वेगळे. घर जवळ येते ते दुसऱ्याने. ज्या आजीवर राज्य येत नाही, जी कधी बाद होत नाही, ती खेळात नाही. ती पंच आहे, आणि पंच कोणालाच फारसा आवडत नाही.

खेळाची गोष्ट विरजणासारखी आहे. बडोद्याहून निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या खंडांत कितीतरी देशी खेळ नोंदले आहेत, पण विरजण कागदावर टिकत नाही. कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात पडावा लागतो. दूध कोमट हवे. कढत दुधात विरजण मरते, गार दुधात ते धरत नाही. घरातली वडील माणसे सारखी नियम दाखवून रागे भरू लागली की दूध कढत झाले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नुसती पाहू लागली की गार झाले. आणि एखाद्या दिवशी चमचाभर दही राखायचे राहिलेच, तर वाटी घेऊन शेजारी जाण्यात कमीपणा नसतो.

ही शेजाऱ्याची वाटी घोरावाडीसारख्या ठिकाणी फार उपयोगी पडते. बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या मधला हा लोकलचा थांबा. पुणे-लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली, पुढे मावळात कारखाने वाढले आणि राज्याच्या सगळ्या कोपऱ्यांतली बिऱ्हाडे या पट्ट्यात आली. पुण्याकडचे घर आश्विनात भोंडला म्हणते, साताऱ्या-कोल्हापूरकडचे हादगा. विदर्भ-खानदेशातल्या घरी भाद्रपद पौर्णिमेपासूनच भुलाबाई बसलेली असते. तिन्हींत फेर आहे, गाणी आहेत आणि खाऊ ओळखायचा आहे. भोंडल्यात पाटावर हत्ती काढतात, पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत जाते. पण खरी चुरस खिरापतीची. आजी डबा झाकून आणते, मुली तो हलवून आवाज घेतात, गोड की तिखट विचारतात, आणि आजी हसू दाबून त्यांना चकवते. ही आजी पूर्ण खेळात आहे. विकतचा केक आणून ठेवला की ती आपोआप खेळाबाहेर जाते, हे आयांनी लक्षात घ्यायला हवे.

धाकट्यांची सोय जुन्या खेळांनी केव्हाच करून ठेवली आहे. लगोरीत किंवा लपंडावात सर्वांत लहान भिडू ‘कच्चा लिंबू’ किंवा ‘दूधभात’ असतो: तो धावतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. विकतच्या खेळांच्या खोक्यांवर मात्र वयाचा आकडा छापलेला असतो, आणि सहा वर्षांचा मुलगा व साठ वर्षांचे आजोबा वेगवेगळ्या खोक्यांत जातात.

पत्त्यांकडे तर उगाच नाक मुरडले जाते. पैसे न लावता खेळला जाणारा मेंढीकोट घ्यावा. चौघे, दोन जोड्या, जोडीदार समोरासमोर. दहे म्हणजे मेंढ्या. चारही घेतल्या की कोट. चिठ्ठ्या टाकून आजोबा आणि नात एका बाजूला आले की बापावर कोट चढवायचा कट शिजतो. कोणाजवळ कोणते पान उरले असेल याचा हिशेब करताना दहा वर्षांची मुलगी आजोबांचा चेहरा जितका न्याहाळते, तितका एरवी वर्षभरात न्याहाळत नाही.

गहुंजे घोरावाडीहून जवळ. तिथले क्रिकेटचे मैदान 2012 साली सुरू झाले आणि सामन्याला तीन पिढ्या एका रांगेत बसलेल्या दिसतात. त्यात आनंद आहे, यात शंका नाही. पण रांगेतले सगळे एकाच दिशेला पाहत असतात, एकमेकांकडे नाही. पुन्हा तेच: पाहणे म्हणजे खेळणे नव्हे.

दिवाळीच्या किल्ल्यात मात्र पाहणारा कोणी नसतो, सगळ्यांना काम असते. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग ज्यांच्या शिवारातून दिसतात, त्या मावळच्या मुलांना नकाशाची गरज पडत नाही. माती कालवणे आणि दगड रचणे मुलांचे, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ आणणे आजीचे, बुरुज कुठे असावा यावर वाद घालणे वडिलांचे. वडिलांनी किल्ला एकट्याने बांधून टाकू नये, आणि तयार किल्ला तर मुळीच विकत आणू नये. तटबंदी वाकडी झाली तरी ती मुलांच्या हातचीच राहू द्यावी. हिरवळ दिवाळीपर्यंत वर यायला हवी असेल तर मोहरी आठवडाभर आधी पेरावी, आणि पाणी घालताना माती वाहून जाणार नाही इतके बेताने घालावे.