वाटेवरचा थांबा



संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजीं लिस्बनहून निघाले, ते ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोहोंचले. तेरा महिने लागले! मध्यें मोझांबिक येथें जहाज अनेक महिने थांबलें; तेथें त्यांनीं आजाऱ्यांची शुश्रूषा केली.

डिसेंबर २०२४ मध्यें त्यांच्या पवित्र अवशेषांचें दर्शन घेऊन आम्ही दुसरे दिवशीं पहांटे जुन्या गोव्याहून मोटारसायकलवर एकटेच निघालों. सुमारें ४५० किलोमीटरांची वाट. हट्ट असा कीं, दिवेलागणीपूर्वीं बुधवार पेठेंतील घर गांठावयाचें. चोर्ला घाट, बेळगांव, निपाणी, कोल्हापूर मागें पडलें. कऱ्हाडापुढें क्षणभर डोळा लागला आणि चाक कडेच्या मातींत उतरलें. प्रभुकृपेनें वांचलों. जवळच्या चहावाल्यानें कांहीं न विचारतां बाज टाकून दिली. म्हणाला, "भाऊ, घर कुठं पळून जात नाय. जरा पडा." तासभर निजलों. त्यानें पैसे फक्त चहाचे घेतले.

खंबाटकीचा बोगदा, मग कात्रज. अप्पा बळवंत चौकांत आलों तेव्हां पुस्तकांचीं दुकानें बंद होत होतीं. घरीं आई जपमाळ हातीं घेऊन दारांतच उभी होती.

आपले तरुण गोव्यास, वेलंकणीस असेच वाहनांवरून जातात. त्यांस आमची एवढीच विनंति: डोळा जड झाला कीं थांबा. थांबणें ही हार नव्हे. त्या संतांची यात्रा मोझांबिकास थांबूनही अपुरी राहिली नाहीं.