आज्याचा पत्ता : १० ऑगस्ट १९५०

(अंबरनाथ इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं, कविता वाच. कविता राहू द्या. इथे बसलेल्या निम्म्यांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीत झेरॉक्स आहेत, हे मला दिसतंय. म्हणून कागदावरच बोलतो. मी गोदीत हमाली करतो, शिक्षण मॅट्रिक. वकील नाही. पण घरच्या एका दाखल्यापायी दोन वर्षं कायदा वाचला, पहाटेच्या बदलापूर लोकलमध्ये, दाराच्या दांडीला लोंबकळून.

ही तारीख ध्यानात ठेवा : १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्या दिवशी तुमचा बाप, तुमचा आजा कुठे राहत होता, आणि सरकारदप्तरी त्याची जात काय लागलेली होती, यावर आज तुमची शिष्यवृत्ती, तुमचं अॅडमिशन, तुमची नोकरी लटकते. विमुक्त-भटक्यांना हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. पोरगं जन्मलं २००५ साली, आणि पुरावा मागतात त्याच्या बापाच्याही जन्माआधीचा.

आमचंच सांगतो. आजा मराठवाड्यातला. १९५० साली त्याचं गाव हैदराबाद राज्यात, जिल्हा औरंगाबाद. १९५६ ला गाव मुंबई राज्यात आलं. १९६० ला महाराष्ट्रात. १९८१ ला जालना जिल्हा झाला, गाव तिकडं गेलं. आजा जागचा हलला तो १९७२ च्या दुष्काळात, तेही पोटासाठी. बाकी सगळा वेळ राज्यंच हलत होती. आणि आता विचारतात, रेकॉर्ड कुठलं? जालन्याला जा म्हटलं की तिथे सांगतात औरंगाबादला बघा. औरंगाबादचं तर आता नावही बदललं. निजामाच्या काळातली दप्तरं उर्दूत, इकडची जुनी मोडीत. आपण शिकलो बालभारती.

धाकटी बहीण बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणाली. मी तिला घेऊन एका कचेरीत गेलो. टेबलामागचा माणूस काही वाईट नव्हता, हेही सांगतो. शिवी दिली नाही, पैसे मागितले नाहीत.

"आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा."

"साहेब, आजा शाळेत गेला नाही."

"का?"

का! त्या 'का'चं उत्तर म्हणजेच जात, साहेब. दुसरा कुठला पुरावा पाहिजे? पण त्या उत्तराला रकाना नाही. मग बापाचा दाखला काढला. धर्म : बौद्ध. जातीच्या रकान्यात रेघ. मास्तरनं मारलेली सरळ रेघ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्म घेतला, आणि पुढं गावोगावच्या आई-बापांनी मास्तरला अभिमानानं सांगितलं, जात लिहू नको. ती रेघ म्हणजे आमच्या घरातलं पहिलं स्वातंत्र्य. कचेरीत तिला म्हणतात त्रुटी.

"बौद्ध हा धर्म झाला, जात दाखवा."

आता हा घोळ घातला कोणी? १९५० च्या आदेशात लिहिलं, हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. शीख १९५६ ला घेतले. बौद्धांना दिल्लीनं घेतलं १९९० ला. मधल्या काळात महाराष्ट्र सरकार स्वतःच्या सवलती 'नवबौद्ध' म्हणून देत होतं, दिल्ली देत नव्हती. म्हणून कुठे 'बौद्ध', कुठे 'नवबौद्ध', कुठे 'बौद्ध, पूर्वाश्रमीचे महार', कुठे नुसती रेघ. आजही केंद्राच्या नोकरीला नमुना वेगळा, राज्याला वेगळा. एकाच घरात, एकाच माणसाला. सरकारनं चौतीस वर्षं घातलेला गोंधळ आमच्या बहिणीनं एका आठवड्यात निस्तरायचा, कारण कॉलेजची यादी बंद होतेय.

या सगळ्याची मुळी एका कलमात आहे. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्राचा कायदा, २००१ चा २३ वा. कलम ८ : सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. १९९४ साली सुप्रीम कोर्टानं माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, कारण खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटल्या जात होत्या. ते खरंच होतं आणि ते चोर आमचेही चोर आहेत. पण चोर पकडायला लावलेली चाळणी आता ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच चाळतेय. ज्यांच्याकडे जुना कागद आहे ते सुटतात. जुना कागद कुणाकडे असतो? ज्याच्याकडे जमीन होती, कपाट होतं, कोरडं छप्पर होतं त्याच्याकडे.

छपरावरून आठवलं. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी घरात शिरल्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळ्या सखल वस्त्या पाण्यात. बदलापुरात २०१९ च्या जुलैत पुन्हा तेच. नदीकाठची स्वस्त जागा कुणाच्या वाट्याला येते हे तुम्हाला सांगायला नको. पत्र्याची पेटी वाहून गेली, त्यात दाखले गेले. नदीनं जात धुऊन नेली म्हणावं तर ती शेजाऱ्याच्या तोंडात शाबूत!

आणि हे सगळं कुठल्या शहरात? उल्हासनगरात. लढाईच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले, त्याच बराकीत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी गावाला नाव दिलं. त्या लोकांची घरं तिकडं, बरेच कागदही तिकडंच राहिलेले. सरकारनं त्यांना हाकललं का, की पुरावा नाही तर चालते व्हा? नाही. १९५० साली दाव्यांचा कायदा केला, दावे नोंदवून घेतले, तपासले, पुढं १९५४ ला भरपाईचा कायदा केला. योग्य केलं. घर सोडून आलेल्या माणसाकडे कागद कमी असणार, हे सरकारला तेव्हा कळत होतं. दुष्काळानं गाव सोडून याच कॅम्पांच्या कडेला झोपडी टाकणाऱ्या माणसाबाबत मात्र ते विसरलं.

कागद नाहीत असंही नाही. आमच्याकडे नाहीत, त्यांच्याकडे आहेत. गावचं कोतवाल बुक, म्हणजे नमुना चौदा, जन्ममृत्यूच्या नोंदी, त्यात जात लिहिलेली. शाळेचं जनरल रजिस्टर. वतनाची दप्तरं. गंमत बघा, ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं, जे कनिष्ठ गावकामगारांचं वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, त्याच गुलामीची वही आज नातवाला कॉलेजात शिरायला लागते. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला 'भिवा' हे नाव लागलं, ते पान आजही आहे, त्या तारखेला राज्यभर विद्यार्थी दिवस करतात. म्हणजे सरकारला जुनं पान सापडतं. पाहिजे तेव्हा सापडतं.

दुसरा पुरावा ताजा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला. रेकॉर्डरूम उघडल्या, मोडी वाचणारे बसवले, उर्दू वाचणारे बसवले, महसुली आणि शाळेची दप्तरं उलथीपालथी केली, लाखांनी नोंदी काढल्या. ज्यांना मिळाल्या त्यांना मिळोत, माझं त्या गरिबाशी भांडण नाही. मी फक्त एवढं बघितलं की सरकारचं कपाट सरकारला स्वतः उघडता येतं. मग आमच्या आज्याची ओळ शोधायला आमच्याच बापानं दोन पाळ्या बुडवून जालन्याला का जायचं? गोदीत परदेशातून पेटी येते. तिचे कागद एजंट आणतो, कस्टमवाला तपासतो. पेटीला कुणी म्हणत नाही, जा, सिंगापूरला जाऊन तुझा दाखला घेऊन ये.

बायकांचं तर विचारू नका. लग्न होऊन बदलापूरला आलेली बाई, तिला बापाच्या बाजूचे कागद लागतात. नवऱ्याचं रेशनकार्ड उपयोगाचं नाही. बापानं टाकलेल्या आईच्या पोरांनी काय करायचं? २०१२ साली सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं, बापाची जात हे गृहीतक आहे, अखेरचा शब्द नाही, आईनं वाढवलेल्या पोराला पुरावा देऊ द्या. हा निकाल किती टेबलांपर्यंत पोचला ते टेबलावरच विचारा.

आता कामाचं. तोंडी 'त्रुटी आहे' ऐकून घरी यायचं नाही. २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे. अर्जाची तारखेची पोच घ्यायची, नाकारलं तर कारण लेखी मागायचं, अपील करायचं. विनाकारण अडवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड आहे. शपथपत्राला स्टॅम्पपेपर आणा म्हणाले तर १ जुलै २००४ चा आदेश दाखवा, जातीच्या दाखल्याच्या शपथपत्राला मुद्रांक माफ आहे. पूर्वी शंभर घालवत होतो, २०२४ पासून तो कागद पाचशेचा झाला. पाचशे म्हणजे कुणाची दिवसाची हजेरी. रजिस्टरची सही-शिक्क्याची नक्कल माहिती अधिकारात मागता येते. आणि बापाच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात एकाची जरी पडताळणी झाली असेल तर ती धरून चाला, मुंबई हायकोर्टाचा २०१० चा निकाल तुमच्या बाजूला आहे.

आमचं काम तसंच झालं. बापाच्या चुलत्याच्या पोराची पडताळणी निघाली. बहिणीचा दाखला आला, कॉलेजची यादी बंद झाल्यावर. ती सध्या इथल्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, यंदा पुन्हा फॉर्म भरलाय.

रविवारी माझी पाळी नसते. दुपारी तीननंतर मी इथेच बसतो, मोडी वाचणारे एक काका पण येतात. कागद घेऊन या. झेरॉक्स पुसट असते, मूळ आणा. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं आज्याचं नाव, गाव, तालुका, आणि त्या गावची शाळा कधी सुरू झाली एवढं घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून आणा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा.