निरोप आला, पण फोन वाजला नाही



समजा, केडगावच्या उपबाजारात कांदा न्यायचा आहे. गोण्या रात्रीच भरून ट्रॉलीत टाकल्या. पहाटे अडत्यानं व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, "आज आवक फार आहे, उद्या आणा." फोन काही वाजला नाही. बाजारात पोचल्यावर पाहता तर निरोप पहाटेचाच पडलेला! डिझेल गेलं, शिवाय पडत्या भावात माल द्यायची पाळी. अशा वेळी आपण रेंजला शिव्या देतो. पण दोष पुष्कळदा फोनच्या आतच असतो.

आधी एवढंच पाहा : व्हॉट्सॲप उघडल्यावर निरोप धडाधड आत येऊ लागले, की आधीच येऊन बसले होते? कालव्याला पाणी सुटलं का, आणि सुटलं असेल तर आपलं दारं कुणी बुजवलं, हे दोन वेगळे प्रश्न, तसंच हे.

उघडल्यावरच येत असतील, तर एकतर नेट बंद, नाहीतर फोननं बॅटरी वाचवायला व्हॉट्सॲप झोपवलेलं. अँड्रॉइड फोनात ही युक्ती २०१५ पासून आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात व्हॉट्सॲप, त्यात बॅटरी, तिथं 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. कंपनीपरत्वे नावं थोडी बदलतात. बँकेचा साधा एसएमएस नेटशिवाय येतो, म्हणून तो आला याचा अर्थ नेट चालू आहे असा नव्हे.

निरोप आधीच आलेला असेल, तर आवाज अडलाय. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू आहे का पाहा. लग्नाच्या शुभेच्छांना कंटाळून गट 'म्यूट' केला, आणि त्याच गटात बाजारभाव येतो, असंही होतं. सगळ्यात फसवं म्हणजे 'आर्काइव्ह'. बोट चुकून लागलं की अडत्याचं नाव तिथं जाऊन बसतं, आणि २०२१ पासून नवा निरोप आला तरी ते सहसा तिथंच गप्प राहतं. अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा फोन असेल तर व्हॉट्सॲपला नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ना, तेही बघा.

आता संगणक. मुलानं हिशेबासाठी तुमचं व्हॉट्सॲप संगणकाला जोडलं असेल, तर त्यानं तिथं वाचलेल्या निरोपाची खूण तुमच्या फोनवरूनही पुसली जाते. तुम्हाला वाटतं, निरोप आलाच नाही. मुलाला बजावून ठेवा : बाजाराचा निरोप वाचला की हाक मारायची. उलट संगणकच वाजत नसेल, तर ब्राउझरला परवानगी आहे का आणि व्हॉट्सॲपचं पान उघडं आहे का ते त्यानं पाहावं. फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेला संगणक आपोआप तुटतो.

सात-बाराची प्रत काढायला झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप उघडलंत, ते बंद केलंत का? 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जा. ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर तिथल्या तिथं 'लॉग आउट' करा. तुमचे निरोप परका माणूस वाचू शकतो, ही गोष्ट न वाजणाऱ्या फोनापेक्षा वाईट.

दुरुस्ती झाली की फोन अर्धा तास बंद पडद्यानं ठेवा आणि घरच्यांना दुसऱ्या फोनवरून निरोप टाकायला सांगा.

खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेतून मुळा-मुठेत आणि पुढं भीमेत येतं. काठावर मोटारी असलेल्यांनी पावसाळ्यात रात्रीच्या निरोपावर राहू नये. शेजाऱ्याशी ठरवून ठेवा, पाणी वाढलं की सरळ फोन लावायचा, आणि त्याचा नंबर 'डू नॉट डिस्टर्ब'मधून वगळून ठेवा.